भिंतीवरच्या त्या दोन मुलांना बैठकीला बोलवा: सोलापूर जिल्ह्यातील सरपंचांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच, आणि जिथे प्रशासक असतील तिथे प्रशासक,
अध्यक्ष, ग्राम बाल संरक्षण समिती

सप्रेम नमस्कार.

मी उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावची. गावाचं नाव लिहीत नाही. जे सांगायचं आहे ते एकट्या त्या गावाचं नाही, आणि तिथल्या कुणाला मान खाली घालायला लावायचा माझा हेतूही नाही.

२०२२ च्या दिवाळीनंतर रहिवासी दाखल्यासाठी मी आमच्या ग्रामपंचायतीत गेले होते. परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी कागदपत्रं गोळा करणं चाललं होतं. ग्रामसेवक पंचायत समितीत गेलेले, म्हणून बाकावर बसून भिंतीवरचे फलक वाचत होते. पाणीपुरवठा समिती, तंटामुक्त गाव समिती, आणि शेवटी कपाटाच्या आड अर्धा झाकलेला ग्राम बाल संरक्षण समितीचा फलक. अध्यक्ष सरपंच. सदस्य सचिव अंगणवाडीताई. मग पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशाताई. सगळ्यात खाली ‘बाल प्रतिनिधी’ असं लिहून दोन नावं. पहिलं माझ्या वर्गातल्या एका मुलाचं. दुसरं वाचायला कपाट थोडं सरकवावं लागलं. ते माझं होतं.

फलकावर तारीख होती जानेवारी २०१५. तेव्हा मी नववीत, पंधरा वर्षांची. या समितीत मी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकाही बैठकीला बोलावलं नव्हतं. शाळेकडून हुशार मुलांची दोन नावं मागवली असतील, गुरुजींनी दिली असतील आणि पेंटरने ती रंगवली. पुढे सात-आठ वर्षं ती तशीच राहिली. बावीस वर्षांची झाले तरी गावाच्या दप्तरी मी बाल प्रतिनिधीच होते.

एवढंच असतं तर मी दाखला घेऊन घरी आले असते. पण त्याच २०१५ च्या मे महिन्यात माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचं लग्न झालं. ती माझ्याहून दोन महिन्यांनी लहान. तिचे आईवडील दिवाळीच्या सुमाराला कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जायचे, ते गुढीपाडव्याला परत यायचे, आणि तोवर ती आजीपाशी राहायची. त्या वर्षी आजी वारली. वयात आलेली पोर पाच महिने कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न घरात उभा राहिला आणि त्यांना एकच वाट दिसली. तारीख ठरल्याचं तिने मला तीन आठवडे आधी सांगितलं होतं, टाकीवर पाणी भरताना. “मला धाव्वी करायची हाय गं,” एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं, पण असं काही कुणाला सांगायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. लग्नात पंगतीला मी बुंदी वाढली. बालविवाह थांबवायची जबाबदारी ज्या समितीवर होती तिची मी सदस्य होते, समितीचे अध्यक्ष पंगतीत बसले होते, आणि मी त्यांच्या पानात बुंदी वाढत होते.

तो फलक वाचल्यावर कितीतरी दिवस मला हेच आठवत राहिलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये मी स्कॉटलंडला, एडिनबरा शहरात, बालपण आणि बालहक्क या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला गेले. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागांपैकी एक मला मिळाली. तिथली फी आमच्या घरच्या कितीतरी वर्षांच्या कमाईतही बसली नसती. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जानेवारी ते जुलै २०२४ मी तिथल्या मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत उमेदवारी केली, आठवड्यातून दोन दिवस. त्या दिवसांतल्या काही गोष्टी मला आपल्यासमोर ठेवायच्या आहेत. माझा प्रवास सांगायचा म्हणून नाही. आपल्या समितीला त्या लगेच उपयोगी पडतील अशी माझी खात्री आहे, म्हणून.

पहिले पाच आठवडे मला मुलांच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. स्कॉटलंडमध्ये मुलांसोबत नेमाने काम करणाऱ्याची सरकारी तपासणी होते, तिला पीव्हीजी म्हणतात, आणि माझा चारित्र्याचा दाखला सोलापूरहून यायचा होता. तोपर्यंत मी खुर्च्या लावल्या, जुनी टिपणं वाचली, आणि एक प्रशिक्षण घेतलं. त्या प्रशिक्षणातला एक नियम मी आजही विसरत नाही. मूल काही सांगायला लागलं तर ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही द्यायचं नाही. उलट आधीच सांगायचं, की तुला धोका आहे असं वाटलं तर मला एका माणसाला सांगावं लागेल, आणि तो माणूस कोण तेही सांगायचं. मग बोलायचं की नाही हे मूल ठरवतं. मला आधी हे कठोर वाटलं. पुढे लक्षात आलं की मुलं अशा माणसाजवळच बोलतात, कारण पुढे काय होणार हे त्यांना कळलेलं असतं.

खोलीत गेल्यावर माझं काम होतं मुलं बोलतील ते लिहून घेणं. आठ ते अकरा वर्षांची मुलं. पहिल्या दिवशी मी नीटनेटकं टिपण करून दिलं: ‘मुलांना सुरक्षित वाहतूक हवी आहे.’ मार्गदर्शक बाईंनी ते वाक्य खोडलं आणि सांगितलं, मूल काय म्हणालं ते लिही. मूल म्हणालं होतं, बसथांब्यावरचा दिवा गेलाय, म्हणून मी भावाचा हात घट्ट धरतो. बाई म्हणाल्या, तुझं वाक्य अहवालात जाईल आणि तिथेच राहील; त्याच्या वाक्यावरून कुणाला तरी दिवा बदलावा लागेल. त्या दिवसापासून मी मुलांची वाक्यं सुधारणं सोडलं.

या क्षेत्रात बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी या प्राध्यापिकेची एक मांडणी सगळीकडे वापरतात, २००७ सालची. मुलांचं म्हणणं खरोखर विचारात घ्यायचं तर चार गोष्टी लागतात असं त्या सांगतात. मुलाला बोलायला निर्धास्त जागा हवी. मनातलं मांडायला मदत हवी. ऐकणारा माणूस असा हवा की ज्याच्या हातात काही आहे. आणि ऐकल्यावर काही तरी हलायला हवं, किंवा का हललं नाही ते मुलाला येऊन सांगायला हवं. आपल्याकडे शाळेत बालदिनाला मुलं भाषणं करतात, दुसरी गोष्ट तिथे थोडीफार होते. तिसरी आणि चौथी आपल्या हातात आहे, सरपंच साहेब आणि सरपंच ताई. गावात ज्याच्या सहीने काही हलतं तो माणूस आपणच आहात.

मी तिथे असतानाच, १६ जुलै २०२४ ला, स्कॉटलंडमध्ये एक मोठा कायदा लागू झाला. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार त्यांनी आपल्या कायद्यात उतरवला. आता स्कॉटलंडच्या संसदेने केलेल्या कायद्यांखाली काम करताना तिथल्या सरकारी यंत्रणेला त्या कराराविरुद्ध वागता येत नाही, वागली तर मूल न्यायालयात दाद मागू शकतं. हे सहज झालं नाही. २०२१ मध्ये त्यांच्या संसदेने एकमताने मंजूर केलेलं विधेयक लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात अडलं, त्यातली काही कलमं अधिकाराबाहेरची ठरली, आणि दुरुस्त करून ते डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा मंजूर करावं लागलं. कायदा लागू झाला त्या मंगळवारी आमच्या कार्यालयात मुलं आली होती. त्यातल्या काहींनी या कायद्यासाठी प्राथमिक शाळेत असल्यापासून पत्रं लिहिली होती. तिथलं मंत्रिमंडळ २०१७ पासून दर वर्षी मुलांसोबत एक बैठक घेतं, त्या बैठकीला जाऊन आलेली एक मुलगी त्यांत होती. ती मंत्र्यांविषयी असं बोलत होती जसं आपण शेजारच्या काकांविषयी बोलतो.

तिथे सगळं छान आहे असं मी सांगत नाही. तिथेही जवळपास दर चार मुलांमागे एक मूल गरिबीत वाढतं. आमच्या गटातली दोन भावंडं शनिवारी आईसोबत धान्य वाटपाच्या रांगेत उभी राहायची. आईबापांनी मुलाला मारणं तिथे नोव्हेंबर २०२० पर्यंत कायद्याने चालून जात होतं. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याने शाळेतल्या छडीवर २०१० पासूनच बंदी आहे. बालहक्क करार ब्रिटनने १९९१ च्या डिसेंबरात स्वीकारला, भारताने १९९२ च्या डिसेंबरात. फरक एका वर्षाचा. आणि आपल्या ग्राम बाल संरक्षण समितीत एक मुलगा आणि एक मुलगी असावी हे २०१४ च्या शासन निर्णयातच आहे. स्कॉटलंडच्या मुलांनी ज्या खुर्चीसाठी इतकी वर्षं पत्रं लिहिली ती खुर्ची आपल्या मुलांसाठी गावोगाव मांडलेली आहे. तिच्यावर मूल बसवायचं राहिलंय. एडिनबरात बसून हे समजलं तेव्हा मला परत यायची घाई झाली.

परत आल्यापासून मी उत्तर सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतल्या काही गावांत, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, शाळा सुटल्यावर व्हरांड्यात मुलांसोबत बसतेय. शिक्षक दिसतील इतक्या अंतरावर, पण ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी. मी त्यांना एवढंच विचारते, की सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत गावात तुम्हाला कुठे कुठे भीती वाटते किंवा अडचण येते.

एका गावात आठवीनंतरच्या मुलींना पाच किलोमीटरवरच्या हायस्कूलला जावं लागतं. अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट आहे, पास सगळ्यांकडे आहे. शाळा सुटते पाचला आणि बस येते पावणेसातला. थंडीत तोवर अंधार पडलेला असतो. थांब्याच्या मागे दारूचं दुकान. म्हणून मुली चालत निघतात, वाटेत मोटारसायकलवरची पोरं आडवी येतात, एक दिवस हे घरी कळतं, आणि घरचे म्हणतात बस झाली शाळा. शाळा सुटली की वर्षभरात स्थळ. त्या गावात मोठ्यांशी बोलले तेव्हा सगळ्यांनी बालविवाहाचं कारण सांगितलं गरिबी आणि अज्ञान. मुलींनी सांगितलं पावणेसातची बस. गरिबी घालवणं कुठल्याही एका सरपंचाच्या हातात नाही. आगारप्रमुखांना ग्रामपंचायतीच्या ठरावासह पत्र देऊन, शाळेच्या वेळेशी बस जुळवून मागणं मात्र हातात आहे. त्या गावच्या सरपंच ताईंनी ते पत्र दिलं. वेळ अजून बदललेली नाही, पण काय झालं ते त्यांनी स्वतः शाळेत जाऊन मुलींना सांगितलं, आणि मुलींच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी एडिनबरातल्या त्या मंगळवारी पाहिलं होतं.

दुसऱ्या गावात मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली सरांच्या टेबलात. पाळीच्या दिवसांत किल्ली मागायची लाज, म्हणून महिन्याचे तीन-चार दिवस घरी. हे ऐकल्यावर किल्लीची जागा बदलायला एक दिवस लागला. आणखी एका ठिकाणी ऊसतोडीला आलेल्यांच्या गावाबाहेरच्या कोप्यांवरची पोरं शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभी राहतात, त्यांना आत का घेत नाहीत असं तिसरीतल्या एका मुलाने मला विचारलं. गावातल्या मुलांच्या यादीत ती नसतात आणि त्यांच्या स्वतःच्या गावातल्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे नुसत्या गैरहजेरीच्या खुणा पडत असतात. साखर कारखाने भरपूर असलेल्या आपल्या जिल्ह्यात ही मुलं दर हंगामाला येतात आणि जातात.

मुलगे फार बोलत नाहीत. मोहोळकडच्या एका गावात चौदा वर्षांचा एक जण शेवटी थांबला आणि म्हणाला, “सगळे पोरींचंच इचारतात, आमचं कोण इचारत न्हाई.” तो पुणे रोडवरच्या धाब्यावर रात्री अकरापर्यंत असतो. त्याचं बोलणं ऐकून घेणारं माणूस गावात एकही नव्हतं.

आता अडचणीचं. ही अडचण आपल्यातल्या काहींनी मला समोरासमोर सांगितली आहे, आणि ती खरी आहे. गावात सगळी भावकी. बाल प्रतिनिधी मुलीने बैठकीत सांगितलं की अमक्याच्या घरी लग्न ठरलंय, तर संध्याकाळपर्यंत त्या घरच्यांना तिचं नाव कळणार. तिच्या वडिलांना वाटेत अडवलं जाणार. बैठकीत बसलेल्यांपैकीच कुणाच्या पुतणीचं ते लग्न असणार. मग मुलांना यात कशाला ओढायचं?

याच जागी मला त्या पाच आठवड्यांच्या प्रशिक्षणाची किंमत कळली. मुलांनी समितीत येऊन नावं सांगायची नाहीतच. तसं घडू द्यायचं नाही ही जबाबदारी अध्यक्षांची. बैठकीत मुलांनी गावाचं बोलावं: बस, दिवा, किल्ली, मैदानावर वाळत घातलेला मका, शाळेजवळची टपरी, कोप्यांवरची मुलं. एखाद्या मुलाविषयी किंवा घराविषयी काही सांगायचं असेल तर ते एकाच माणसाला, एकटं. तो माणूस कोण हे मुलांनी निवडावं. कुठे अंगणवाडीताई असेल, कुठे आशाताई, कुठे एखादी शिक्षिका. मूल निवडेल त्या माणसाने पुढे ग्रामसेवकांना कळवायचं, कारण ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच आहेत. किंवा १०९८ वर फोन करायचा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवायचं. माहिती कुठून आली हे कागदावर कुठेही येऊ द्यायचं नाही. २००६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंतची कैद आणि एक लाखापर्यंतचा दंड आहे. या भीतीने लग्नं रात्रीत उरकतात किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात नेऊन लावतात हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून मंडपात पोलीस नेण्यापेक्षा, स्थळ बघायला सुरुवात होते तेव्हाच कळणं महत्त्वाचं. आणि ते सगळ्यात आधी कळतं बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीला. मला तीन आठवडे आधी कळलं होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या, आणि आपला जिल्हा त्या सरासरीच्या बराच वर आहे. यातल्या प्रत्येकीच्या शेजारी बाकावर कुणीतरी बसत होतं.

माझं मागणं मोठं नाही. उद्या कार्यालयात गेलात की तो फलक शोधा. त्यावरची दोन मुलं आज किती वर्षांची आहेत ते बघा. अठरा ओलांडली असतील तर नवी निवडा, पण शाळेकडून नावं मागवू नका. सहावीपासूनच्या मुलांना चिठ्ठीने मत देऊ द्या, एक मुलगा, एक मुलगी. शाळेत न येणाऱ्या मुलांनाही मत असू द्या. बैठक सकाळी अकराला ठेवली तर मुलं येऊ शकत नाहीत, शाळा सुटल्यावर ठेवा. प्रोसिडिंगमध्ये त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या: मागच्या वेळी मुलं काय म्हणाली आणि आपण काय केलं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. मार्चअखेर घाईने खुर्च्या आणि भांडी घेण्याआधी एकदा या दोघांना विचारा.

एक काम मात्र थांबण्यासारखं नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. त्याआधी, कोणत्या घरातले आईबाप कोयत्याला चाललेत आणि मुलं कुणापाशी राहणार, याची यादी समितीने करावी, आणि ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी शाळेमार्फत हंगामी वसतिगृहाची मागणी नोंदवावी. माझ्या मैत्रिणीला एवढंच हवं होतं, पाच महिने राहायला एक घर.

माझ्यासोबत सोलापुरातले समाजकार्याचे काही विद्यार्थी तयार झालेत. आपण बोलावलंत तर मुलांची निवड आणि पहिली बैठक यासाठी आम्ही स्वखर्चाने येऊ. येणाऱ्या प्रत्येकाचा पोलीस दाखला आधी आपल्याकडे देऊ, मुलांचे फोटो काढणार नाही, आणि दुसऱ्या बैठकीपासून काम आपल्या अंगणवाडीताईंच्या हाती देऊन बाजूला होऊ.

मैत्रीण आता मोहोळ तालुक्यात सासरी असते. हे पत्र पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं, तिची परवानगी घेतली. यंदा ती बाहेरून परीक्षा द्यायला दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरतेय. तिची मुलगी आठ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. त्या गावच्या सरपंचांनाही हे पत्र जातंय. त्यांच्या कार्यालयातला फलक मी बघून आले. बाल प्रतिनिधी या शब्दापुढे दोन्ही ओळी रिकाम्या आहेत.

आपली नम्र,
२०१५ ची एक बाल प्रतिनिधी,
उत्तर सोलापूर